मुलीकडची बॅटरी

लग्नात मुलीच्या बापाने काय करायचं असतं, हे सुदेशराव तळवडेकरांना तोंडपाठ होतं. हॉल बघायचा, हॉलवाल्याशी भांडायचं, केटररच्या बासुंदीत पाणी शोधायचं आणि शेवटी चारचौघांत रुमाल काढून डोळे पुसायचे. राहायला डोंबिवली, नोकरी ठाण्याच्या एका कॉलेजात हेड क्लार्कची. जाता-येता या गृहस्थांचं मनातल्या मनात मेघनाचं लग्न कितीदा तरी लावून झालं होतं, आणि दर वेळी बासुंदी पातळच निघाली होती. पण प्रत्यक्षात व्याही मिळाले काळुराम मढवी, आणि मढवींनी पहिल्याच बैठकीत सुदेशरावांच्या हातातली सगळी कामं काढून घेतली.

मढवी शीळफाट्याकडचे मूळचे गाववाले. आजोबांनी भात लावला, वडील मिठागरावर राबले आणि काळुरामांच्या वाट्याला त्या सगळ्याचा भाव आला. बरीचशी जमीन गेली, पण एक सलग शेत त्यांनी राखलं होतं. बिल्डर येऊन येऊन थकले. काळुराम विकत नव्हते, कारण त्या शेतावर ते विमान उडवायचे. हो, विमान. खेळण्यातलं म्हटलं तर त्यांना राग यायचा. चांगलं चार हात लांब पंखांचं, गुरगुरणारं, रिमोटवर चालणारं विमान होतं ते. साठीचा माणूस बनियनवर शेतात उभा राहून दोन दांड्या हलवतोय आणि वर विमान कोलांट्या खातंय, हे दृश्य मेघनाने आधी पाहिलं आणि मग त्यांच्या मुलाला, धनेशला होकार दिला, असं तिची आई चित्राताई म्हणायच्या. खरंखोटं मेघनाला ठाऊक.

"तुमी कायपन टेन्शन घेव नका," काळुराम बैठकीत म्हणाले. "मंडप आमचे शेतावर. जेवान आमचा, बँड आमचा, भटजी पन आमचा. तुमी पोरीला घेवन या नि पोटभर जेवा."

दुसरा कोणी असता तर त्याने देवाचे आभार मानले असते. सुदेशरावांना मात्र ते पटेना. म्हणजे आपण कोण? पाहुणे? उद्या मंडपात कोणी विचारलं, 'मुलीकडून काय?' तर काय सांगायचं? पोट?

"तसं नको," ते म्हणाले. "काहीतरी जबाबदारी आमच्याकडे द्याच."

"कशाला वो?"

"नाही, द्याच. लहान असली तरी चालेल."

चित्राताईंनी टेबलाखालून चिमटा काढला. तो चुकून धनेशला बसला. तो बिचारा मुकाट्याने लाडू खात राहिला. सुदेशरावांनी एवढा जीव खाल्ला की शेवटी काळुराम डोकं खाजवत आत गेले आणि टॉवेलात गुंडाळलेली एक वस्तू घेऊन आले. विमानाचा रिमोट होता तो. दोन दांड्या, लांब एरियल आणि बॅटरी किती उरली ते दाखवणारा एक काटा.

काळुरामांची योजना अशी होती, की शेवटची मंगलाष्टका संपली, 'सावधान' झालं, की विमानाने मंडपावर यायचं, पोटाखालचं झाकण उघडायचं आणि नवरा-नवरीवर आभाळातून अक्षता पडायच्या. उडवणार अर्थात ते स्वतः. पंचक्रोशीत असं कोणी केलं नव्हतं.

"घरात रंगकाम चाललंय, पोराटोरांचे हात लागतील," ते म्हणाले. "ह्यो तुमचेकडं ठेवा. बॅटरी तेवरी टकाटक पायजे. ती गेली ना, तर वर विमान न खाली आपन, कोन कोनाचा ऐकत नाय. इश्वासानं देतो."

झालं! मुलीकडच्यांना काम मिळालं. शीळफाट्यावरून रिक्षाने येताना खड्डा आला की सुदेशराव रिमोट मांडीवरून अलगद वर उचलत होते आणि शेजारी चित्राताईंचं डोकं टपाला आपटत होतं. तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं. उद्या ही बॅटरी दगा देती झाली, तर 'तुझ्या बापाला एकच काम दिलेलं' हे वाक्य मेघनाला त्या घरात जन्मभर ऐकावं लागेल, हे त्यांना लख्ख दिसत होतं. मढवी तसं बोलणारे नव्हते. पण चिंता करणाऱ्या माणसाला समोरचा कसा आहे याच्याशी काही देणंघेणं नसतं.

आता बॅटरी सांभाळायची म्हणजे काय करायचं? सुदेशरावांच्या मते यात विचार करण्यासारखं काहीच नव्हतं. ते वाढले ते डोंबिवलीत, जिथे शुक्रवार उजाडला की वीज जाणार हे धरून चालायचं आणि पाणी आलं की पिंपापासून फुलपात्रापर्यंत सगळं भरून ठेवायचं. भरलेलं ते बरं, हा त्यांचा धर्म होता. इन्व्हर्टर भरलेला, टॉर्च भरलेला, घरातले सगळे फोन भरलेले. मेघना ऑफिसला निघाली की तिच्या पाठीवर पहिलं वाक्य पडायचं ते "फोन चार्ज आहे का?" उशीर झाला तरी तेच, ताप आला तरी तेच. लग्न ठरल्याचं तिने भीतभीत सांगितलं तेव्हा यांना गहिवरून आलं, बराच वेळ शब्द फुटेना आणि मग फुटले ते हेच. मेघना म्हणाली, "ऐंशी टक्के आहे, बाबा." आणि दोघांनी डोळे पुसले.

तेव्हा बॅटरी चार्जिंगला लागली. घरात मोकळा प्लग एकच, देवघराशेजारी. चार्जर जुना, रिमोटबरोबरचाच. बॅटरी भरली तरी त्याला त्याचा पत्ता नसायचा. लाल दिवा आपला चालूच. सुदेशरावांना तो दिवा बघून फार बरं वाटायचं. सकाळी समईला नमस्कार झाला की नजर तिकडे. चालू आहे ना? आहे. चला. नवरात्र बसलं, उठलं, दिवा चालूच. खंडेनवमीला चित्राताईंनी विळी, कात्री आणि शिलाई मशीनबरोबर रिमोटलाही हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. कुंकवाचे चार कण दांडीच्या फटीत गेले ते गेलेच. रिमोट हाताला तव्यासारखा लागायचा. "गरम लागतोय हो," चित्राताई म्हणाल्या. "कामात आहे तो," सुदेशराव म्हणाले.

इथवर सगळं ठीक होतं. पण मग सबनीस काका आले. सबनीस तळमजल्यावर राहत, टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले, आणि रिटायर झाल्यापासून त्यांचं ज्ञान कोणी वापरत नसल्यामुळे ते साठून राहिलं होतं. त्यांनी लाल दिवा पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"तळवडेकर! अहो, सतत चार्जिंग? बॅटरीला स्मरणशक्ती असते!"

"स्मरणशक्ती?"

"तर! अर्धी वापरलीत की तिला वाटतं आपण अर्ध्याच आहोत. तुम्ही तर वापरतच नाही. ती स्वतःला विसरून जाईल. पार रिकामी करा, मग भरा. आमच्या एक्सचेंजला..."

एक्सचेंजच्या पुढचं कोणी ऐकत नसे. पण सुदेशरावांच्या मनात भीती शिरली ती शिरलीच. त्याच संध्याकाळी त्यांनी रिमोट चालू केला, एरियल बाहेर काढली आणि तो गॅलरीत तुळशीशेजारी रिकामा व्हायला ठेवून दिला. आता नशीब बघा. त्याच वेळेला बी विंगची लिफ्ट अडकली. त्यात तिसऱ्या मजल्यावरच्या प्राचीचा टीव्ही बंद पडला, तोही ऐन मालिकेत. आणि प्राचीने वर मान करून पाहिलं तर तळवडेकरांच्या गॅलरीतून एक एरियल आभाळाकडे बोट दाखवत होती.

सोसायटीच्या ग्रुपवर फोटो आला. खाली प्रश्न आला, 'हे काय आहे?' मग लोकांनी उत्तरं द्यायला सुरुवात केली. कोणी म्हणालं टॉवर बसवतायत, भाडं खातायत. कोणी म्हणालं यानेच आमच्या आईचं डोकं दुखतं. सेक्रेटरींनी तातडीची सभा घेतली आणि सुदेशरावांना 'आक्षेपार्ह उपकरणाबाबत' खुलासा द्यायला सांगितलं. ज्या माणसाने हयातभर दुसऱ्यांकडून खुलासे मागवले, त्याला पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर उभं राहून सांगावं लागलं, की ते व्याह्यांच्या विमानाचं आहे. सभा हसली. "विमान कुठे लावणार? पार्किंग नाहीये," असंही कोणी बोललं. सुदेशराव खुर्चीवरून उतरले, घरी आले आणि अपमानाने एवढे तापले होते की गॅलरीत रिमोट चालूच आहे, हे पार विसरून गेले. आठवण झाली ती दोन दिवसांनी, तुळशीला पाणी घालताना. काटा पार झोपला होता.

घाबरून त्यांनी पुन्हा चार्जिंगला लावला. भरपूर भरला. मग चालू करून पाहिला. काटा टुणकन टोकाला गेला. सुदेशराव हसले. "चहा टाक गं," म्हणाले. चहाला उकळी आली, कपात ओतला, आणि बघतात तो काटा लाल पट्टीत. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. भरायला दिवसभर लागायचा आणि उतरायला एक चहा.

"अहो, व्याह्यांना सांगून टाका," चित्राताई म्हणाल्या. "माणूस चांगला आहे."

"चांगला आहे म्हणूनच तर सांगता येत नाही!" सुदेशराव म्हणाले. वाईट माणूस असता तर भांडता आलं असतं, हा मुद्दा चित्राताईंना कळला नाही. त्यांना असले मुद्दे कधीच कळत नसत.

आणि नेमका काळुरामांचा फोन रोजचा. "व्याही, बॅटरी कशी हाय?"

"ठणठणीत!" सुदेशराव ओरडून सांगायचे, आणि फोन ठेवला की पाणी प्यायचे.

कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सची लॅब होती, तिथे मीटर होता. सुदेशरावांनी रिमोट पिशवीत घालून, वर डबा ठेवून ठाण्याला नेला. गेटवर वॉचमन धाकूने पिशवी उघडली.

"साहेब, हे आत नाही नेता येणार."

"अरे, मी आहे."

"तुम्ही आहात ते दिसतंय. पण परीक्षा चालू आहे. नोटीस आहे." धाकूने भिंतीकडे बोट दाखवलं. परीक्षा काळात कोणतेही इलेक्ट्रॉनिक उपकरण आवारात आणण्यास सक्त मनाई. अपवादासाठी हेड क्लार्क यांच्याकडे लेखी अर्ज करावा. खाली सही, सुदेश तळवडेकर. 'सक्त'खाली दोन रेघाही त्यांनीच मारल्या होत्या.

"धाकू, हेड क्लार्क मीच आहे ना?"

"मग बरंच झालं, साहेब. अर्ज पटकन मंजूर होईल."

मागे मुलं उभी होती, ती खिदळत होती. गेटवरच्या स्टुलावर बसून सुदेशरावांनी स्वतःला अर्ज लिहिला. 'महोदय' लिहिताना त्यांना कसंतरीच झालं. कारणाच्या जागी 'कन्येचा विवाह' लिहिलं. मग पेन दुसऱ्या शाईचं हवं म्हणून धाकूकडून लाल पेन घेऊन त्यावर शेरा मारला, 'विशेष बाब म्हणून'. आवक क्रमांक घातल्याशिवाय मात्र त्यांच्याच्याने राहवलं नाही. तेवढ्यात प्राचार्य गाडीतून उतरले, त्यांनी पिशवीतली एरियल पाहिली, अर्ज वाचला, सुदेशरावांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तळवडेकर, रजा घ्या थोडी."

लॅबच्या अक्षदा मॅडम सुपरव्हिजनला निघाल्या होत्या, हातात पेपरचा गठ्ठा. त्यांनी उभ्या उभ्या मीटर लावला.

"सर, किती दिवस चार्जिंगला होती ही?"

"काढलीच नाही."

"का पण?"

"कमी पडू नये म्हणून."

"आणि मध्ये रिकामी पण केली? पार?" मॅडमनी तोंडाने च्यक् केलं. "भरली की काढायची असते, सर. तापून तापून आतून संपते ती. मग भरल्यासारखी दिसते फक्त. नवीन टाका." बेल झाली आणि त्या पळाल्या. सुदेशराव लॅबमध्ये एकटेच राहिले. भरली की काढायची असते. हे त्यांना आजवर कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी पटलं नसतं.

टेंभी नाक्याच्या मागे एका गल्लीत बॅटरीवाला होता. त्याने पॅक हातात घेऊन, उलटा करून, वास घेऊन पाहिला. "ये मॉडेल बंद झालं, काका. मागवून देतो. लग्न कधी आहे म्हणालात?" सुदेशरावांनी सांगितलं. "त्याच्यानंतर येईल." साधे पेन्सिल सेल त्या खाचेत बसत नव्हते. कल्याणला दोन दुकानं पालथी घातली, तिथे एकाने खेळण्यातली मोटार दाखवली, दुसऱ्याने इन्व्हर्टर. ऑनलाइन मागवलेली बॅटरी आली, ती ड्रिल मशीनची निघाली.

शेवटी सुदेशरावांनी हिशेब मांडला. बॅटरी टिकते एक चहा. व्याही म्हणाले होते, विमान वर जाऊन, अक्षता टाकून उतरेपर्यंत फार वेळ लागत नाही. म्हणजे अर्धा चहा. अर्धा एकात बसतो. लग्नाच्या सकाळपर्यंत प्लगला ठेवायचा, ऐन वेळी व्याह्यांच्या हातात द्यायचा आणि देवाचं नाव घ्यायचं. यात काय चुकलं? काही नाही. मग रात्री उठून उठून तो लाल दिवा का बघावासा वाटतोय? ते त्यांना कळलं नाही.

लग्नाच्या दिवशी शेतावर गाव लोटलं होतं. आदल्या दिवशीच्या हळदीने निम्मी माणसं अजून पिवळी होती. काळुरामांची थोरली बहीण ठमाबाई लग्नाचे धवले गाऊन गाऊन बसलेल्या आवाजातही गात होती. सुदेशरावांनी फेटा बांधला होता, पण तो सारखा कानावर येत होता. त्यांनी रिमोट दोन्ही हातांनी व्याह्यांना दिला.

"यकदम टकाटक?" काळुरामांनी विचारलं.

"टकाटक," सुदेशराव म्हणाले. आणि त्यांनी फेटा कानावरून वर सारला.

दुपारचा मुहूर्त. बोहल्यावर अंतरपाट धरला गेला. अलीकडे मेघना, पलीकडे धनेश. मंडपाच्या पुढचा भाग मुद्दाम वरून उघडा ठेवलेला. भटजींनी सुरुवात केली. एक झाली, दोन झाल्या, आणि भटजींनी ठरल्याप्रमाणे 'आता शेवटची' अशी खूण केली. शेतात उभ्या असलेल्या काळुरामांनी रिमोट चालू केला. गुर्रर्र! विमान उठलं, लोक ओरडले, मोबाइल वर गेले. सुदेशराव मनात म्हणाले, गॅस पेटला. चहा ठेवला.

आणि मग मालनताई पुढे आली.

मालनताई म्हणजे सुदेशरावांची मोठी बहीण, मेघनाची आत्या. हातात कागद. एक नव्हे, पिना मारलेले. "मी स्वतः केलीय," तिने माइकवर सांगितलं, "मुलीकडून." आता मंगलाष्टका म्हणायला उठलेल्या आत्याला आजवर कोणी बसवलेलं नाही. भटजींनी हात जोडले आणि मागे सरकले.

मालनताईने गणपतीपासून धरलं. मग तळवड्याचं ग्रामदैवत आलं, मग पणजोबा. विमान वरून एक चक्कर मारून गेलं. पाणी तापलं असेल. मग आजोबांची सरकारी नोकरी, मग आजीचे गुण, चार ओळींत. विमान पुन्हा गेलं. साखर पडली. मग चित्राताईंचं माहेर, मग मेघनाची दहावी. दर ओळीशेवटी लोकांना वाटायचं आता 'सावधान', माना विमानाकडे वर जायच्या आणि पुन्हा खाली यायच्या. पान उलटलं. अजून पानं होती. उकळी आली, सुदेशराव मनात म्हणाले. उतू चालला. ताई, बस कर गं! पण ती आता नवऱ्यामुलाच्या मामांकडे वळली होती, आणि मढवींना मामा पाच.

तेवढ्यात विमान मंडपाच्या वर आलं आणि एकदम खाली झुकलं. क्षणभरच. पुन्हा सावरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं कसरत आहे. काळुराम लांब उभे, कानात बँड आणि ताईचा आवाज, नजर आभाळात. काट्याकडे बघतंय कोण?

काटा सुदेशरावांना दिसत होता. इतक्या लांबून दिसणं शक्य नव्हतं, तरी दिसत होता. ते विमान फिरून पुन्हा येणार होतं आणि त्याच्या बरोबर खाली, अंतरपाटाच्या अलीकडे, मुंडावळ्या बांधून, मान खाली घालून त्यांची पोर उभी होती. आता सांगायचं म्हणजे गावासमोर नाक कापून घ्यायचं. न सांगायचं म्हणजे... त्यांनी तो विचार पुरा केलाच नाही. झेप घेतली, मालनताईच्या हातातला माइक ओढला आणि अख्ख्या शीळफाट्याला ऐकू जाईल असे ओरडले,

"थांबा! हे थांबवा!"

मंगलाष्टकांच्या मधोमध मुलीच्या बापाने म्हणू नये असा जगात एकच शब्द असेल, तर तो हा. बँडवाल्याने काठी वरच धरली. भटजींच्या हातातून पंचांग पडलं. अंतरपाट धरणाऱ्यांपैकी एकाने आपलं टोक सोडलं आणि धनेश आणि मेघना मुहूर्ताआधीच एकमेकांना दिसले. मेघनाचा चेहरा पांढरा झाला होता. "बाबा?" ती म्हणाली. मढवींकडची माणसं उभी राहिली. कोणीतरी बाह्या मागे सारल्या.

"विमान उतरवा!" सुदेशरावांचा आवाज चिरकला. "व्याही, विमान उतरवा! बॅटरी गेलीय! मी घालवलीय बॅटरी! टकाटक नाहीये, कधीच नव्हती, मी खोटं बोललो! माझी मुलगी उभीय खाली, उतरवा ते!"

काळुरामांनी खाली काट्याकडे पाहिलं. मग त्यांनी विमान वळवलं, मंडपापासून लांब नेलं आणि शेताच्या टोकाला गवतावर टेकवलं. दोन उड्या मारून ते थांबलं. थांबलं, आणि त्यांच्या हातातल्या रिमोटचा काटा आडवा झाला. दांडी हलवली तरी पुढे काही हलेना.

शेवटी ठमाबाईने छातीवरचा हात काढला. "अगं बाय बाय! मना वाटला लगीनच मोरला! बॅटरीच गेली ना? मंग जाव दे!"

मंडपात हशा फुटला. हसताना माणसं एकमेकांवर पडली. बाह्या सारलेल्यांनी बाह्या खाली केल्या. फक्त भटजी घड्याळ दाखवून कळवळत होते, "अहो, मुहूर्त! मुहूर्त चाललाय!" आणि अक्षता? त्या तर सगळ्या विमानाच्या पोटात. वेगळ्या वाटल्याच नव्हत्या. मढवींचा हट्ट!

काळुराम शेतातून विमान काखेत घेऊन आले. घामाने निथळत होते. सुदेशरावांनी मान खाली घातली. आता जे काय बोलतील ते ऐकायचं, असं ठरवून ते उभे राहिले.

"घ्या," काळुरामांनी विमान त्यांच्या हातात दिलं. "बॅटरी गेली तं गेली. आता तुमीच उरवा."

"मी?"

"मंग कोन? मुलीकरचा काम हाय."

भटजींनी श्वास न घेता शेवटच्या दोन ओळी म्हटल्या. "शुभमंगल..." आणि सुदेशराव तळवडेकर, ठाण्याच्या कॉलेजचे हेड क्लार्क, दोन्ही हातांनी विमान डोक्यावर धरून बोहल्याभोवती धावत सुटले. फेटा कधीच सुटला होता, तो मागून लोळत येत होता. तोंडातून गुर्रर्र असा आवाज निघत होता आणि तो आपणच काढतोय हे त्यांना ठाऊक नव्हतं. "सावधान!" त्यांनी झाकण ओढलं. अक्षता मेघनाच्या केसांत, धनेशच्या कॉलरमध्ये, मालनताईच्या कागदांवर, सगळीकडे पडल्या. मेघना रडत होती की हसत होती ते कळत नव्हतं. सुदेशराव मात्र उघड उघड रडत होते. रुमाल काढायचं त्यांना सुचलंच नाही.

जेवणाच्या पंगतीत दोघे व्याही शेजारी बसले.

"माझ्यामुळे झालं सगळं," सुदेशराव म्हणाले. "मी ती प्लगला लावून ठेवली, काढलीच नाही."

काळुरामांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "व्याही, खरा सांगू? पावसाला सुरू झाल्यापासून माजेकडं पन ती प्लगलाच व्हती. वाटला, भरलेली बरी."

"नाही नाही, दोष माझाच."

"अवो, माझा! बॅटरी माझी."

"पण सांभाळायला मी घेतलेली!"

मानपानावरून व्याही भांडलेले सगळ्यांनी पाहिलेत. दोष आपल्याकडे घेण्यासाठी एकमेकांचा हात धरून भांडणारे व्याही शीळफाट्याला पहिल्यांदाच दिसत होते. शेवटी चित्राताई म्हणाल्या, "दोघांनी मिळून घालवली म्हणा आणि बासुंदी घ्या." बासुंदी घट्ट होती. सुदेशरावांनी तीनदा घेतली.

ऊन उतरलं तशी पाठवणीची गाडी लागली. मेघना पाया पडली. सुदेशरावांनी तिला उठवलं ते मनगट तसंच धरून ठेवलं. तोंड उघडलं. काय येणार ते सगळ्या घराला ठाऊक होतं.

"फुल आहे, बाबा," मेघनाच आधी म्हणाली. नाक ओढत म्हणाली. "शंभर टक्के. मघापासून गाडीत लावून ठेवलाय, तुम्ही विचाराल म्हणून."

"शंभर झालेत? आणि अजून लावलेलाच आहे?"

"हो."

तिच्या केसांत अडकलेला एक तांदूळ सुदेशरावांनी काढला.

"मग काढ तो आता," ते म्हणाले. "भरला की काढायचा असतो."

आणि त्यांनी तिचं मनगट सोडलं.